सूपभर कोंडा

“तुमच्या आईला एकूण किती मुलं झाली?” सईदानं विचारलं.

“सहा,” अनसूया म्हणाली.

“त्यातली हयात किती?”

“एकही नाही.”

सईदा मान खाली घालून लिहिणार, तोच मागच्या बाकावरची कुणीतरी खुदकन हसली आणि मग सगळ्याच पोरी हसल्या. सईदाला कळायला जरा वेळ लागला. “मग बाई, तुम्ही कोण?” तिनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर आपण फार बोललो की काय म्हणून जीभ चावली.

अनसूयाही हसली. हसणं भागच होतं. खेड्यापाड्यांतल्या बायकांना त्यांच्या आणि त्यांच्या आयांच्या बाळंतपणांविषयी कसं विचारायचं हे या मॅट्रिक झालेल्या पोरींना शिकवायला ती नागपूरहून यवतमाळला आली होती. एस.टी. स्टँडच्या मागं भाड्यानं घेतलेल्या माडीवरच्या खोलीत हाच पाठ चालला होता, आणि आज सरावासाठी ती स्वतःच राळेगावकडची एक बाई होऊन बाकावर मांडी घालून बसली होती. बाई मेलेलं मूल आपणहून सांगत नाही, ते हळूच विचारून काढावं लागतं, हा तिचा आवडता धडा. मेलेलं सुटतं, जिवंत कधी सुटत नाही, असं ती सकाळीच ठासून बोलली होती. आणि आता तिच्याच तोंडून जिवंत तेवढं सुटलं होतं. “चुकले. हयात एक,” ती म्हणाली, आणि सईदानं, मोटारी दुरुस्त करणाऱ्या मन्सूर मिस्त्रीच्या त्या गुणी पोरीनं, खोडून एक लिहिलं. पाठ पुढं सुरू झाला. पण अनसूयाचं लक्ष उडालं ते उडालंच. जीभ चुकली नव्हती. जीभ जन्मापासून ऐकत आली होती तेच बोलली होती.

“मले लेकरू नाही बाप्पा. पाच झाले, पाची गेले,” असं तिची आई, रुखमाबाई, कुणालाही सांगायची. दारात आलेल्या कासाराला सांगायची, जिनात कापूस सरकीपासून वेगळा करताना शेजारच्या मजूरणीला सांगायची, आणि अनसूया तिथंच पायाशी सरकीच्या ढिगात खेळत असायची. तिकडं रीतच तशी होती. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत तिनं नवं लेकरू उकिरड्यावर ठेवून परक्यासारखं उचलून आणायचं, नाहीतर शेजारणीला सूपभर कोंड्याला विकून टाकायचं. लेकरू आपलं नाहीच म्हटल्यावर मरण दाराशी येऊन परत जातं, अशी समजूत. गावोगाव त्यातूनच उकंडा, कोंड्या, भिक्या अशी माणसं झाली, आणि ती म्हातारी होईपर्यंत त्या नावांनी सुखानं जगली. पाच लेकरं पुरल्यावर रुखमाबाईला सहावी अनसूया झाली, आणि तिनं ती भिंतीला भिंत लागून असलेल्या जैनबबीला, कापूस पिंजणाऱ्या अब्दुल गनीच्या बायकोला, विकली. इथवर नवल काहीच नव्हतं. इतर घरी हा चार दिवसांचा खेळ असतो. लेकराला दात आले की आई शेजारणीला चोळीचा खण देते आणि लेकरू घरी आणते. रुखमाबाईनं खण दिलाच नाही. पोरगी चालायला लागली, शाळेत गेली, बी.ए. झाली, एम.ए. झाली, बायकांची बाळंतपणं आणि त्यांतली गरीब-श्रीमंत, उच्च-नीच यांची तफावत यावर प्रबंध लिहून डॉक्टर झाली, आणि रुखमाबाईचं आपलं एकच, “थे जैनबची हाय.”

दुपारी बाभुळगावच्या गाडीच्या कंडक्टरनं जिन्याखालून हाक मारली. काकाचा, धर्मपालभाऊचा, निरोप होता. रुखमाबाईचं जास्त आहे, असाल तशा या. निरोप सांगून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, “तुमच्या कोन लागते त्या?” अनसूया म्हणाली, “आई आहे माझी.” म्हणून गेली. एका अनोळखी माणसाला, भर रस्त्यावर, मोठ्यानं. हे शब्द तिनं याआधी कधी उच्चारले होते ते तिला आठवेना. नागपुरात ‘घरी आई असते’ असं ती म्हणायची, पण ते जैनबबीलाही लागू पडायचं आणि रुखमाबाईलाही, आणि कुणी खोदून विचारत नसे. आता मात्र तिला वाटत होतं ते दुःख नव्हतं, ती निव्वळ भीती होती. आपण डॉक्टरेट मिळवलेली बाई, आपण धम्म घेतलेली बाई, आणि आपल्याला भीती वाटते ती कसली? स्वतःचीच तिला चीड आली. तिनं पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि निघाली.

गाडी रडतखडत चालली होती. जिनाकडं निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांची रांग रस्ता सोडत नव्हती, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिला होता. खिडकीशी बसून ती सात वर्षांची झाली. जैनबबीच्या घरात, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी, ती तापानं फणफणून पडली आहे. जैनबबी कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवते आहे. आणि दाराबाहेर, उन्हात, रुखमाबाई उभी आहे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, “जैनब, तुह्या पोरीचं कसं हाय वं?” शेजारीण शेजारणीची पोर विचारते तसंच, आत डोकावूनसुद्धा न बघता. अनसूया अंथरुणातून तिच्या पायांकडं बघत होती. “मावशी,” तिनं हाक मारली. तिला तसंच म्हणायला शिकवलं होतं, ही मावशी आणि ती अम्मा. पाय जागचे हलले, उंबऱ्याकडं आले असं वाटलं, आणि मग निघून गेले. ताप उतरला. पाय निघून गेलेले काही डोळ्यांपुढून हलले नाहीत. बाप पुंडलिक होता तोवर तो तरी दारू प्यायल्यावर “माही पोरगी, माही वाघीण” म्हणत तिला खांद्यावर घेऊन गल्लीत नाचायचा, आणि रुखमाबाई कानांवर हात ठेवून घरात पळायची. मास्तरांकडं जाऊन शाळेत नाव बापानंच घातलं, म्हणून कागदोपत्री तरी ती पुंडलिकाची राहिली. पुढं तो विहिरीच्या कामावर दरड कोसळून मेला. तेराव्याला रुखमाबाई कुणाशी तरी म्हणाली होती, “कितीदा सांगतलं, मोठ्यानं म्हनू नोका.” म्हणजे तिच्या लेखी तोही त्यातच गेला.

आणि तरी ही बाई बावळट नव्हती, हेच तर अनसूयाला छळत होतं. छप्पन साली धर्मपाल काकानं, म्हणजे पुंडलिकाच्या धाकट्या भावानं, अख्खी वस्ती ट्रकमध्ये घालून नागपूरला नेली. काकाही उकिरड्यावरचाच. तिथं जाईपर्यंत त्याचं नाव उकंडा होतं, येताना धर्मपाल झालं. परत आल्यावर घरातले देव बेंबळा नदीत सोडायचे ठरलं तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्या रडल्या, कुणी टाक पदरात लपवले. रुखमाबाईनं मात्र पांढऱ्या लुगड्याचा काचा मारला, मरीआईचा टाक मुठीत धरला आणि नदीच्या मध्यावर भिरकावून दिला. “पाची लेकरं गेली तवा कोठी व्हत्या ह्या?” ती म्हणाली. काकाला वाटलं, आता झालं. “वहिनी, सटवाई गेली, मरीआई गेली. आता तरी पोरीले आपली म्हन.” त्यावर ती म्हणाली, “देव पान्यात गेले भाऊजी, मरन नाही गेलं.” वीस वर्षांची अनसूया काठावर उभी होती. नव्या धर्मात सगळ्यांना नवी नावं, नवा जन्म मिळत होता, आणि तिला वाटत होतं, त्या गडबडीत आपल्यालाही एक आई मिळून जाईल. मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली आणि पुस्तकात डोकं खुपसून बसली. बायकांच्या पोटी काय जन्मतं आणि का मरतं, याचाच अभ्यास तिनं घेतला. प्राध्यापकांना वाटलं, विषयाची निवड फार आधुनिक आहे.

एकदा सुट्टीत येऊन तिनं आईला शास्त्र समजावलं होतं.  पाचही लेकरं पाचव्या-सातव्या दिवशी आकडी येऊन गेली, हे तिनं हळूहळू विचारून काढलं होतं, अगदी तिच्या पद्धतीप्रमाणं. मग तिनं सांगितलं, यात सटवाई नाही की करणी नाही, हा धनुर्वात आहे, नाळ गंजक्या विळ्यानं कापली की होतो, विळा उकळून घेतला असता तर लेकरं वाचली असती. किती सोपं आणि स्वच्छ बोलली होती ती! शिकवण्यात ती हुशारच होती. रुखमाबाई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. “विळा माहाच व्हता,” ती म्हणाली. “नाळ म्याच कापत व्हती. सुईन कोन आनून देते आपल्याले?” मग, तव्यावरची भाकरी करपून गेल्यावर, “मंग म्याच मारली म्हन ना.”  प्रबंधात मात्र त्या प्रकरणाची फार वाहवा झाली. पुढच्याच प्रकरणात ही कोंड्याला विकायची रीतही तिनं नोंदवली होती. शंभरावर घरं पालथी घातली, उकंडे, कोंडे, भिके कितीतरी भेटले, आणि सगळे मुलगेच. मुलीसाठी कुणी कोंडा घेतल्याचं एकही उदाहरण हाती लागलं नाही, तेव्हा तिनं लिहिलं की हा विधी केवळ पुत्रांसाठी केला जातो, यावरून स्त्री-अपत्याचं समाजातलं मोल ध्यानी येतं. स्वतःला तिनं त्यात धरलं नाही. स्वतःचा हिशेब तिनं वेगळा मांडून ठेवला होता. आपल्याला विकलं हा विधी नव्हता, ती टाळाटाळ होती. पाचांपाठी पोरगीच झाली म्हटल्यावर वांझ शेजारणीच्या पदरात टाकून आई मोकळी झाली, आणि मुलगा असता तर खण देऊन कधीच घरी आणला असता, हे तिनं कुठं लिहिलं नाही, पण ते तिला पाठ होतं.

घरात शिरली तर रुखमाबाई भिंतीकडं डोकं करून सतरंजीवर पडली होती. आयुष्यभर जिनातली कापसाची धूळ छातीत घेतली, ती आता बाहेर यायला मागत नव्हती. श्वासागणिक घरघर. वर बुद्धाची तसबीर, उशाशी जैनबबी. एवढ्यातही तिनं डोळे उघडले, अनसूयाकडं बघितलं आणि जैनबबीला म्हणाली, “तुही पोरगी आली वं. तिले च्या दे.” जैनबबी निमूट उठली. अनसूया शेजारी बसली. हात हातात घ्यावा असं वाटलं, पण घेतला नाही. त्या घरात तिला तशी सवयच नव्हती.

धर्मपाल काका तिला अंगणात घेऊन गेला. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि डोळे रडून सुजलेले. “वहिनी काही आता राहत नाही,” तो म्हणाला. “पन एक गोष्ट आयक. खांदा तू द्याचा अन् अग्नीबी तूच द्याचा. म्या समद्यायले सांगून ठेवलं. पोरगी मायले अग्नी देते, हे पाहू दे सार्‍या बाभुळगावाले. कालपर्यंत आपली सावली पडू देत नव्हते, आज आपन त्यायच्या पुढं हावो.” अनसूयाला भरून आलं. भाषणांतून, लेखांतून ती हेच तर म्हणत आली होती, की लेक ही लेकच, अग्नीला मुलगाच कशाला हवा. आणि त्याच्याही आत, जिथं भाषणं पोचत नाहीत तिथं, काहीतरी लहान पोरीसारखं हरखलं होतं. सगळ्या गावादेखत, उघड्यावर, मी हिची लेक. एवढं झालं की मग काही नको. “देईन काका,” ती म्हणाली, आणि काकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पण ते मेल्यावर. तिला ते जिवंतपणी हवं होतं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर जैनबबी पाणी आणायला गेली, रुखमाबाईची घरघर जरा बसली होती, आणि अनसूया जवळ सरकली. “मावशी, एकदा म्हण.”

“काय म्हनू?”

“मी तुझी म्हणून. आता कोण ऐकतंय? इतकी मोठी झाले मी, काही होत नाही मला.”

रुखमाबाई तिच्याकडं बघत राहिली. इतकं सरळ, इतका वेळ तिनं कधीच बघितलं नव्हतं, आणि क्षणभर अनसूयाला वाटलं, आता म्हणेल. तिचे ओठ हलले. “म्या ज्याले ज्याले माहं म्हनलं,” ती म्हणाली, “थे थे गेलं.” मग थोडा श्वास गोळा करून, “तुले काय कमी पडलं वं तिच्या घरी?”

तेव्हा अनसूयाच्या तोंडाचा ताबा सुटला. मरणाऱ्या बाईशी असं बोलू नये हे कळत असून ती बोलली. “कमी? तू कमी पडलीस! मुलगी झाले म्हणून टाकलंस मला. मुलगा असता तर परत आणला असतास. मी बघितलंय गावोगाव. परत आणलेले सगळे मुलगेच.” रुखमाबाईनं डोळे मिटले. पापण्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं. दारात कळशी घेऊन जैनबबी उभी होती. तिनं कळशी खाली ठेवली, अनसूयाच्या दंडाला धरलं आणि ओढतच पलीकडच्या घरात नेलं.

जैनबबी म्हातारी झाली होती, पण पंजा अजून पिंजाऱ्याचा होता. अब्दुल गनी जाऊन वर्षं झाली, त्याची कापूस पिंजायची धनुकली कोपऱ्यात लटकत होती. अनसूयाला तिनं कापसाच्या गादीवर ढकललं. “काय बोलून आली तू? आँ? पोरगी म्हून टाकलं? अवं, पोरीले कोनी विकते का?” ती हातवारे करत होती, आवाज मात्र दाबून, भिंतीपलीकडं जाऊ नये म्हणून. “पाचव्या दिवशी पदराखाली घेऊन घरोघर फिरली थे. अंगावरचं लुगडं सुदिक रक्तानं भरेल. तुह्या आजीनं म्हनलं, पोरगीच हाय, जाऊ दे, पुढच्या खेपेले पोरगा होईन, तवा पाहू. कोनी म्हने, पोरीसाठी कोंडा कोन देते वं, येडी झाली काय? कोनी म्हने, तुह्या घरचं मरन आमच्या लेकरायले नको. समद्यायनं दारं लावली. हासत व्हत्या बाया तिले, बेटी. पोरीसाठी हात पसरते म्हून हासत व्हत्या.”

अनसूया ऐकत होती. कुठंतरी एक वाक्य, तिनं स्वतः लिहिलेलं, छापून आलेलं, प्राध्यापकांनी खूण करून ठेवलेलं, जागच्या जागी सडून गळून पडत होतं.

“माह्या दारी थे सगळ्यायच्या शेवटी आली,” जैनबबी म्हणाली. “मले कोन लेकराले हात लावू देत व्हतं? बारशाले बोलावत नव्हते मले, माही नजर वांझोटीची. अन् ह्या बाईनं तुले माह्या पुढं धरलं. म्या म्हनलं, रुखमे, माह्या घरी मराले हायच कोन? आन इकडे. सूपभर कोंडा देल्ला. मांगं वळून पाह्यलं तं सौदा मोडते म्हने, तं थे मान ताठ करून गेली. तिकडं जाऊन मंग जे पडली थे दोन दिवस उठली नाही.” ती गादीच्या टोकाला टेकली. “परत ने म्हून म्या किती डाव म्हनलं. तुले दात आले तवा म्हनलं, चाल्ली तवा म्हनलं. म्हने, जैनब, तुह्याजवळ जगून राह्यली, राहू दे. तू खोकली का भिंतीच्या तिकडून मले आवाज देई, तुही पोरगी खोकलते, उठ. आजवर थे भिंतीलेच डोकं लावून झोपते. पाह्यलं नाही का तू आता? अन् तू तिले म्हनतं, टाकलं.”

अनसूया धावतच परत गेली. काय बोलणार होती ते तिला माहीत नव्हतं, पाय धरायचे एवढंच डोक्यात होतं. पण घरात वस्तीतल्या बायका जमल्या होत्या, रुखमाबाईला उचलून बसवलं होतं, आणि तिचा श्वास आता मोजून-मापून येत होता. तिनं अनसूयाला आत येताना बघितलं आणि हात वर केला, थांब म्हणून. नजर मात्र तिच्या मागून आलेल्या जैनबबीवर ठेवली. “जैनब,” ती म्हणाली, आणि एकेका शब्दाला थांबत होती, “तुही पोरगी ने इथून. मायचा जीव जाताना लेकरात अडकते. संगं नेते. माह्या तिरडीले तिचा हात नको लागू देऊ. बोल, नाही लागू देनार.” जैनबबी म्हणाली, “नाही लागू देनार, रुखमे. अल्ला कसम.” बायका एकमेकींकडं बघू लागल्या. म्हातारी वातात बोलते असं त्यांना वाटलं असावं. अनसूयाला मात्र शब्द न् शब्द कळला. इतके दिवस जो शब्द मागत होती तो तिला मिळाला होता, असा मिळाला होता की तो घेऊन तिला बाहेर निघून जायचं होतं. माय, लेकरू, असं म्हणाली होती ती.  जैनबबीनं धरून नेलं तशी अनसूया गेली.

पलीकडं बसून ती भिंतीतून येणारी घरघर ऐकत राहिली. घरघर थांबली. मग बायकांनी हंबरडा फोडला. अनसूयाच्या तोंडून ‘माय’ निघणार तोच जैनबबीनं तळहात तिच्या तोंडावर दाबला आणि तिलाच जवळ ओढून स्वतः रडत राहिली.

दुपार कलली तेव्हा धर्मपाल काका दारात आला. खांद्यावर पांढरा पंचा, हातात विस्तवाचं गाडगं. मागं अंगणात माणसं दाटली होती. राळेगावचेही आले होते, आणि कुणबी आळीतले दोन-चार जण लांब उभे राहून हा नवा प्रकार काय होतो ते बघत होते. “चाल अनसूया. समदे थांबले हायेत.”

अनसूया उठली. तिला पक्कं ठाऊक होतं की त्या तिरडीला हात लावल्यानं काही होत नाही. धनुर्वात जंतूंनी होतो, दमा कापसाच्या धुळीनं होतो, आणि मेलेली बाई कुणाला बरोबर नेत नाही. चार पावलं टाकली की सगळ्या जगादेखत ती लेक होणार होती. काकाची लाज राखली जाणार होती, बायकांचा हक्क सिद्ध होणार होता, आणि तिचं स्वतःचं सगळं आयुष्य बरोबर ठरणार होतं. फक्त त्या बाईनं शेवटचा श्वास खर्चून जे मागितलं तेवढं मोडणार होतं. आणि तिनं जन्मभरात दुसरं काही मागितलंच नव्हतं.

“मी येत नाही, काका,” ती म्हणाली.

“काहून?”

कारण सांगितलं असतं तर सांगण्यातच ती रुखमाबाईची लेक ठरली असती. “मी त्यांची कोणी लागत नाही,” ती म्हणाली, अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात. “मी जैनबबीची.”

काकाच्या हातातलं गाडगं कलंडता कलंडता राहिलं. “हे तू बोलून राह्यली?” तो म्हणाला. “तू? मायची लाज वाटते तुले, डॉक्टर झाली म्हून?”  तो तिच्याकडं बघत राहिला, मग त्याची मान खाली गेली, आणि ते गाडगं घेऊन तो स्वतःच पुढं झाला. तिरडी उचलली गेली. त्रिशरणाचा आवाज नदीच्या बाजूला दूर होत गेला, आणि मागं राहिलेल्या बायकांतली एक जण दुसरीला म्हणाली, “म्या तं पहिलेपासून म्हनत व्हती. पोटची असती तं गेली असती.”

जैनबबीनं दार लोटलं. अनसूया खाली बसली आणि तिनं पदराचा बोळा दातांत धरला, कारण भिंत पातळ होती आणि पलीकडं अजून बायका बसल्या होत्या.